आधी पोहायला शिकू, की आधी क्लबात जाऊ?

पत्र: "माझं वय ३९. दोन वर्षं नियमित धावते, पाच किलोमीटर न थांबता ३४ मिनिटांत होतात. सायकल आहे, पण साधी, सरळ हँडलची. पोहणं म्हणजे लहानपणी शिकलेला ब्रेस्टस्ट्रोक. २५ मीटरच्या तलावात दोन फेऱ्या झाल्या की काठ धरावा लागतो. जवळच एक ट्रायथलॉन क्लब आहे, पोहणं, सायकल आणि धावणं सलग एकाच शर्यतीत करणाऱ्यांचा. साडेचार महिन्यांनी त्यांची स्प्रिंट, म्हणजे छोट्या अंतराची, ट्रायथलॉन आहे आणि ती करायची मनापासून इच्छा आहे. पण क्लबातली मंडळी फार पुढची वाटतात. आधी आपलं आपण पोहणं सुधारावं, बरी सायकल घ्यावी, मग जावं असं मनात येतं. घर आणि नोकरी सांभाळून आठवड्याला सहा तास निघतात. काय करू?" (नाव न छापण्याची विनंती.)

उत्तर: याच आठवड्यात क्लबात जा. पोहणं सुधारल्यावर जायचं हा बेत उलटा आहे, कारण पोहणं सुधारायची जागाच ती आहे. धावणं एकटीनं जमतं, तुम्ही ते दोन वर्षं करून दाखवलंच आहे. पण पाण्यात आपलं शरीर कसं दिसतं ते आपल्याला कधीच दिसत नाही. पाय बुडतायत, हात मध्यरेषेच्या पलीकडे जातोय, मान वर राहतेय, हे काठावर उभ्या असलेल्या माणसाला पहिल्या मिनिटात कळतं. एकटीनं दोन महिने चुकीचा हात घटवलात तर तो मोडायला कोचला आणि तुम्हाला पुढचे दोन महिने लागतील. सायकलींच्या घोळक्यात चालवणं आणि उघड्या पाण्यात, म्हणजे तळ्यात, नदीत किंवा समुद्रात, पोहणं या गोष्टीही एकटीनं शिकता येत नाहीत. दुसरी तर एकटीनं करूच नये. म्हणून या तीन गोष्टी क्लबाकडून घ्या. बाकीच्यांचे किलोमीटर, वेग आणि सायकली यांच्याकडे सध्या दुर्लक्ष करा.

तुमच्यासारखे धावणारे लोक या खेळात उपरे नाहीत. ट्रायथलॉन या नावानं पहिली शर्यत २५ सप्टेंबर १९७४ रोजी अमेरिकेत सॅन दिएगोच्या मिशन बे इथे झाली. ती भरवली सॅन दिएगो ट्रॅक क्लबनं, म्हणजे धावणाऱ्यांच्याच क्लबानं, आणि उतरले होते ४६ जण.

क्लबाची पारख मात्र करून घ्या. बहुतेक क्लब नवख्यांना एक-दोन सत्रं सभासद न होता येऊ देतात. तसं गेलात की काही गोष्टी सरळ विचारा. पोहण्याच्या सत्राला काठावर कोच उभा असतो की तोही पाण्यातच पोहत असतो? जीवरक्षक कोण? नवख्यांसाठी वेगळी लेन आहे का? सायकलिंगला असा एखादा गट आहे का, जो मागे पडलेल्यासाठी थांबतो? उघड्या पाण्यात उतरताना सोबत कयाक किंवा बोट असते का, आणि आत किती जण गेले, बाहेर किती आले याची मोजणी कोण करतं? क्लब राष्ट्रीय संघटनेशी संलग्न आहे का आणि विमा कशाकशाला लागू होतो? उघड्या पाण्याचे आणि विम्याचे प्रश्न कोणी हसण्यावारी नेले, तर तिथे उघड्या पाण्यात उतरू नका. आणि पहिल्याच दिवशी सगळ्यांना एकच वेळापत्रक हातात देणारा क्लब नवख्यांचा नाही, हे ओळखा.

क्लबाचा फॉर्म भरताना तब्येतीविषयी खरं लिहा. छातीत दुखणं, धावताना चक्कर किंवा शुद्ध हरपणं, विनाकारण धडधड, रक्तदाब, किंवा जवळच्या नातलगाचा कमी वयात अचानक झालेला मृत्यू, यातलं काहीही असेल तर आधी डॉक्टरांकडे जाऊन हृदयाची तपासणी करून घ्या. या खेळात हृदय बंद पडण्याच्या घटना विरळ आहेत, पण त्यातल्या बहुतेक पोहण्याच्या टप्प्यात घडतात, जिथे मदत पोचायला वेळ लागतो.

आता तलावाबद्दल सविस्तर, कारण तुमचं सगळं गणित तिथेच अडलंय.

पहिल्या दिवशी कोचला नेमकं सांगा: "ब्रेस्टस्ट्रोक ५० मीटर, फ्रीस्टाइल जवळपास शून्य." (फ्रीस्टाइल म्हणजे पालथं राहून एकेक हात आळीपाळीनं पुढे टाकत पोहणं.) संकोचानं वाढवून सांगितलं तर चुकीच्या लेनमध्ये जाल आणि तासभर फक्त दम खात राहाल. लेनमध्ये सगळे एका बाजूनं जातात, दुसऱ्या बाजूनं परततात. पुढचा निघाला की पाच सेकंदांनी, गर्दी कमी असेल तर दहा सेकंदांनी निघायचं. सुरुवातीला लेनमध्ये शेवटी राहा. मागून कोणी पायाला हलकेच स्पर्श केला तर राग मानू नका, "मला पुढे जायचंय" असा त्याचा अर्थ; भिंतीशी थांबून वाट द्या. थांबायचं तेही भिंतीच्या कोपऱ्यात, मधोमध नाही, म्हणजे बाकीच्यांना वळता येतं.

दोन फेऱ्यांत धाप लागते याचं कारण तब्येत नव्हे. पाच किलोमीटर धावणाऱ्या बाईचा दम ५० मीटरला संपत नाही. संपतो तो श्वास कोंडल्यामुळे. तोंड पाण्यात असताना बहुतेक नवखे श्वास धरून ठेवतात आणि डोकं वर आल्यावर त्या अर्ध्या क्षणात सोडणं-घेणं दोन्ही उरकायला बघतात. आतला कार्बन डायऑक्साइड साठत जातो, आणि गुदमरल्याची भावना मुख्यतः त्यामुळेच येते. उपाय साधा, पण तो घटवावा लागतो: तोंड पाण्यात गेल्याक्षणी नाकातोंडातून बारीक, अखंड बुडबुडे सोडायला लागा, तोंड बाहेर येईल तेव्हा फक्त आत घ्यायचं उरलं पाहिजे. पहिले दोन आठवडे प्रत्येक सत्राआधी काठ धरून वीस वेळा हेच करा.

दुसरी अडचण पाय बुडण्याची. समोर बघत पोहलं की मान वर, आणि मान वर गेली की कंबर खाली. नजर सरळ तळाकडे ठेवा. श्वास घेताना डोकं उचलायचं नाही, खांद्यासोबत कुशीवर वळवायचं, एक गॉगल पाण्यात राहील इतकंच. धावणाऱ्यांचे घोटे कडक असतात, त्यामुळे पाय मारताना पाऊल ताणलं जात नाही, आकड्यासारखं राहतं आणि ब्रेकचं काम करतं. म्हणून जोरजोरात पाय मारून काही मिळणार नाही, नुसता दम जाईल. पाय कमरेतून, छोटे, सैल. सरावात पायात आखूड फिन (रबरी पंखे) घालून कुशीवर पोहण्याचे प्रकार कोच देतील. ते कंटाळवाणे वाटले तरी टाळू नका. मांड्यांमध्ये धरायचा पुल बॉय (तरंगता फोमचा तुकडा) मात्र थोडाच वापरा. तो पाय आयता वर उचलून ठेवतो, त्यामुळे पोहणं सुधारल्यासारखं वाटतं आणि तो काढला की जैसे थे.

अंतर वाढवायची रीत अशी. सुरुवातीला २५ मीटरच्या १२ फेऱ्या, प्रत्येकीनंतर ३० सेकंद विश्रांती. आधी विश्रांती कमी करा: ३० वरून २०, मग १५. ती १५ वर आली की फेरी लांबवा: ५० च्या सहा, मग १०० च्या चार, मग २०० च्या तीन. विश्रांती आणि लांबी एकाच आठवड्यात बदलू नका. अचानक दम जायला लागला तर वेग कमी करा. पहिली फेरी शेवटच्या फेरीपेक्षा बरीच जलद होत असेल तर तुम्ही घाईत पोहताय. आठवड्यात तीनदा पाणी हवं: दोन सत्रं क्लबाची, एक आपलं आपण, ४५ मिनिटांचं. आठवड्यातून एकदाच दीड तास पोहण्यापेक्षा तीनदा थोडं पोहणं कितीतरी उपयोगी, कारण पाण्याचा अंदाज चार-पाच दिवसांत सुटतो.

आणि एक तारीख आत्ताच कॅलेंडरवर लिहा: दहाव्या आठवड्याचा शेवट. त्या दिवशी काठ न धरता ४०० मीटर झाले, मधे ब्रेस्टस्ट्रोक मारून का असेना, तर स्प्रिंटचा बेत कायम. स्प्रिंट म्हणजे ७५० मीटर पोहणं, २० किलोमीटर सायकल, ५ किलोमीटर धावणं. नाही झाले, तर त्याच दिवशी सुपर स्प्रिंटकडे वळा. तिथे पोहणं साधारण ४०० मीटर, सायकल १० आणि धावणं अडीच किलोमीटर असतं. क्लबाच्या स्पर्धेत ते अंतर नसेल तर रिलेचा संघ, म्हणजे एकेक टप्पा एकेकानं करायचा, होतो का विचारा. पाच किलोमीटर धावणारा माणूस संघाला हवाच असतो. यात कमीपणा अजिबात नाही. साडेचार महिन्यांत शून्य फ्रीस्टाइलवरून ७५० मीटर होणं शक्य आहे, पण प्रत्येकाला होईलच असं नाही. ते न होता स्पर्धेत उतरणं मात्र चूक आहे.

सायकल बदलू नका. सरळ हँडलच्या सायकलवर स्प्रिंट व्यवस्थित होते. टायर खडबडीत, गुट्ट्यांचे असतील तर तेवढे काढून गुळगुळीत टायर बसवा, सगळ्यात स्वस्तात मिळणारा वेग तोच. हवा किती भरायची ते टायरच्या कडेवर लिहिलेलं असतं. त्या मर्यादेत, दर वेळी निघण्याआधी पंपावर मोजून भरा. हवा कमी असली की खड्ड्यात ट्यूब रिमवर चिमटते आणि तिला शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात.

सीटची उंची बघायला सायकलवर बसून टाच पेडलवर ठेवा आणि पेडल सर्वांत खाली न्या. गुडघा जेमतेम सरळ व्हावा, कंबर एका बाजूला कलू नये. मग चवड्यानं पेडल मारताना गुडघ्यात जेवढा हवा तेवढा बाक आपोआप राहतो. सीट खाली असेल तर गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखतं, जास्त वर असेल तर मागच्या. पेडल मिनिटाला ८० ते ९० फेरे घेईल असा गिअर ठेवा. जड गिअर रेटणाऱ्याचे पाय नंतर धावायला उरत नाहीत.

क्लबाच्या पहिल्या राइडला सोबत काय हवं: डोक्यावर घट्ट बसणारं हेल्मेट (कड भुवयांच्या दोन बोटं वर, पट्टे कानाखाली इंग्रजी व्हीच्या आकारात), एक जादा ट्यूब, दोन टायर लिव्हर (टायर रिमवरून काढायच्या पट्ट्या), छोटा पंप, पान्यांचा छोटा संच, पाणी. पंक्चर काढायला आधी घरी दोनदा शिका. नवी ट्यूब घातल्यावर पाच मिनिटांत पुन्हा पंक्चर होण्याची कारणं बहुतेकदा दोनच. एक, काच किंवा काटा टायरमध्येच राहिलेला असतो. ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून सावकाश बोट फिरवा. दुसरं, टायर चढवताना शेवटचा भाग लिव्हरनं ढकलला जातो आणि ट्यूब त्याखाली चिमटते. तो भाग अंगठ्यांनीच चढवा.

घोळक्यात चालवण्याचा पहिला नियम: पुढच्याच्या मागच्या चाकाला तुमचं पुढचं चाक कधीही बाजूनं ओलांडू देऊ नका. तो अचानक सरकला आणि चाकं घासली, तर त्याचं फारसं बिघडत नाही. पडता तुम्ही, कारण तुमचं हँडल अडकतं. सुरुवातीला एका सायकलभर अंतर ठेवा. नजर पुढच्याच्या चाकावर खिळवू नका, त्याच्या खांद्यावरून पलीकडे बघा. ब्रेक अचानक दाबू नका. वेग कमी करायचा तर पेडल थांबवा किंवा अंगावर वारा येईल इतकं जरा बाजूला या. खड्डा, खडी, थांबणं हे हातानं दाखवायचं आणि ओरडून मागे कळवायचं. खुणा प्रत्येक गटाच्या थोड्या वेगळ्या असतात, निघण्याआधी विचारून घ्या.

घोळक्यात एक गोष्ट नकळत होते. पुढच्याच्या आडोशाला वारा लागत नाही, त्यामुळे एरवीपेक्षा कमी मेहनतीत जास्त वेग मिळतो, आणि तो वेग आपला वाटायला लागतो. ऑलिम्पिकमधल्या ट्रायथलॉनमध्ये घोळक्यात चालवायला परवानगी असते. हौशी वयोगटांच्या बहुतेक स्पर्धांत मात्र ती नसते. पुढच्या सायकलपासून साधारण १० ते १२ मीटर अंतर ठेवावं लागतं, नेमका आकडा स्पर्धेच्या नियमपत्रकात असतो. म्हणून आठवड्यातली दुसरी राइड, ४०-४५ मिनिटांची, एकटीनं करा, आणि स्पर्धेतला वेग तिच्यावरूनच ठरवा.

धावण्यात तुम्हाला फार काही करायचं नाही, उलट थोडं आवरायचं आहे. आठवड्यात दोनदा अर्धा तास पुरे, पूर्ण वाक्य बोलता येईल इतक्या वेगात. पोहणं आणि सायकलनं दम पटकन वाढतो, पण नडगीची हाडं आणि टाचेमागची शीर त्या गतीनं मजबूत होत नाहीत. सहा-सात आठवड्यांनी अंगात जोर आल्यासारखा वाटतो, मग माणूस धावणं वाढवतो आणि नेमका तेव्हा जायबंदी होतो. आठव्या आठवड्यापासून क्लबाच्या राइडनंतर लगेच दहा मिनिटं धावा. याला ब्रिक म्हणतात. सुरुवातीला पाय आपले नाहीतच असं वाटेल. पावलं आखूड आणि भराभर टाका, बहुतेकांचं पहिल्या किलोमीटरभरात सुरळीत होतं. तो ब्रिक आठवड्याच्या दोन धावण्यांपैकी एक समजा, तिसरं नको.

असा हिशेब साधारण साडेपाच ते सहा तासांत बसतो. एक दिवस पूर्ण सुट्टी. दर चौथ्या आठवड्यात सगळंच तिसऱ्या हिश्श्यानं कमी. एखादं सत्र बुडालं तर ते दुसऱ्या दिवशी भरून काढू नका, सोडून द्या. बुडवायची वेळ आलीच तर धावणं बुडवा, पाणी नको.

बाराव्या आठवड्याच्या आसपास उघडं पाणी. स्पर्धेआधी किमान तीनदा, क्लबासोबत, डोक्यावर भडक रंगाची टोपी घालून. तिथे तळाची काळी रेघ नसते, काठ नसतो, कधी हातभर पुढचंही दिसत नाही. गार पाण्यात उतरल्यावर पहिली एक-दोन मिनिटं श्वास आपोआप भराभर होतो. घाबरून पोहायला सुरुवात करू नका. तोंडावर पाणी मारा, उताणं तरंगा, श्वास स्थिरावला की निघा. दर सहा ते दहा हातांनी फक्त डोळे पाण्याबाहेर येतील इतकं वर बघून दिशा तपासा, आणि श्वास त्यानंतर नेहमीसारखा बाजूनं घ्या. वेटसूट (पाण्यात ऊब देणारा रबरी पोशाख) हवा का ते पाण्याच्या तापमानावर ठरतं. वर्ल्ड ट्रायथलॉन या खेळाच्या जागतिक संघटनेच्या नियमांत हौशी गटांना १,५०० मीटरपर्यंतच्या अंतरासाठी पाणी २२ अंश सेल्सियस किंवा त्याहून गरम असेल तर वेटसूट चालत नाही; काही संघटनांची मर्यादा वेगळी असते. लागलाच तर आधी क्लबात उसना मिळतो का पाहा, आणि स्पर्धेआधी त्यात पोहून बघा. गळ्याशी आवळणारा वेटसूट धाप लागण्याचं नेहमीचं कारण आहे.

स्पर्धेत ब्रेस्टस्ट्रोक चालतो, उताणं पोहणंही चालतं. दमल्यास हात वर करा. कयाक धरून थांबलात तरी बाद होत नाही, फक्त धरून पुढे सरकायचं नाही. सुरुवातीला घोळक्याच्या मागे आणि कडेला उभ्या राहा, सगळे निघाल्यावर दहा सेकंदांनी निघा. तोंडावर लाथ बसण्याची भीती निम्मी तिथेच जाते.

पोहण्यातून सायकलवर आणि सायकलवरून धावण्यावर जाणं, यांना टी-१ आणि टी-२ म्हणतात. क्लबात याचा सराव मोकळ्या मैदानावर घेतात. दोन-तीनदा नक्की करा. क्रम ठरलेला: आधी हेल्मेट, पट्टा लावून, मग बूट, मग सायकल स्टँडवरून काढायची. पट्टा लावण्याआधी सायकलला हात लावला तर दंड होऊ शकतो, आणि परत आल्यावरही सायकल जागेवर लागेपर्यंत पट्टा सोडायचा नाही. ठरलेल्या रेषेच्या पलीकडे गेल्यावरच सायकलवर बसायचं. त्या रेषेवर लोक धडपडतात ते बहुधा गिअर जड राहिल्यामुळे, म्हणून सायकल लावतानाच हलका गिअर टाकून ठेवा. आपली जागा शेजारच्या सायकलवरून लक्षात ठेवू नका, ती तुमच्याआधी निघून गेलेली असेल. झाड, खांब, रांगेचा क्रमांक यावरून ठेवा. इअरफोन चालत नाहीत. नंबर लावायला कमरेचा पट्टा घ्या: सायकलवर पाठीमागे, धावताना पुढे, नुसता फिरवायचा. बुटांना लवचिक नाड्या घालून ठेवा.

मधल्या काळात क्लबाची दुसरी एखादी स्पर्धा असेल तर तिथे स्वयंसेवक म्हणून जा आणि टी-१ जवळचं काम मागून घ्या. दोन तासांत पाण्यातून धापा टाकत येणारे, हेल्मेट उलटं घालणारे, सायकल शोधत फिरणारे सगळे दिसतील. शेवटून पाण्याबाहेर येणारेही दिसतील, आणि त्यांच्यासाठी क्लबातली तीच पुढची मंडळी किती जोरात टाळ्या वाजवतात, तेही.

क्लबाला आज पाठवायचा संदेश असा लिहा: "नमस्कार, मला तुमच्या नवख्यांच्या पोहण्याच्या सत्राला यायचंय. ब्रेस्टस्ट्रोक ५० मीटर जमतो, फ्रीस्टाइल शिकायची आहे. पाच किलोमीटर धावते, साधी सायकल आहे. साडेचार महिन्यांनी होणारी तुमची स्प्रिंट करण्याचा विचार आहे. पुढचं सत्र केव्हा आहे, मला कोणत्या लेनमध्ये यायचं आणि काठावर कोणाला भेटायचं?" पहिल्या दिवशी सोबत गॉगल, टोपी, टॉवेल आणि पाण्याची बाटली पुरे. वेळेच्या दहा मिनिटं आधी पोचा, म्हणजे पाण्यात उतरण्याआधी कोचशी बोलणं होईल.